नाचलेल्यांची यादी

गणिताचे सर निवृत्त झाले की शाळेत शाल-श्रीफळ होतं, जुने विद्यार्थी येतात, कुणीतरी हमखास डोळे पुसतं. पी.टी.च्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा सहावीतल्या एका मुलाने विचारलं, ‘मग आजचा तास मोकळा का?’ त्या बाई म्हणजे मीच. मला तो प्रश्न मनापासून आवडला. चौतीस वर्षं मी मुलांना मैदानावर पळायला शिकवलं, आणि शेवटच्या दिवशीही त्यांचा डोळा मैदानावरच होता!

लोकांना वाटतं, कवायत म्हणजे हात वर, हात खाली. घशाला ताण, डोक्याला आराम. पण मूल वर्गात बाकामागे लपू शकतं, मैदानावर नाही. कोण उपाशी आलंय, कुणाला घरी मार बसलाय, कोण कालपासून कुणाशी बोलत नाही, हे मला पावलांवरून कळायचं. आणि कोण प्रेमात पडलंय, हे तर सगळ्यात आधी. आमच्याकडे उंचीप्रमाणे रांगा लागत. मुलांची एक, शेजारी मुलींची. पाचव्या मुलाच्या शेजारी पाचवी मुलगी येणार. एखादा उंच मुलगा आठवडाभर गुडघे वाकवून पाचव्या जागी उभा राहू लागला, तर त्याला डॉक्टरकडे पाठवायची गरज नसते हे मी पहिल्याच वर्षी शिकले.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक आजोबा रोज छत्री घेऊन फाटकाशी उभे राहायचे. नातीला खो-खो खेळू द्यायचं नाही म्हणून. ‘मुलीच्या जातीला हे धावणं शोभत नाही,’ असं त्यांनी मला दोनदा लिहून दिलं. आंतरशालेय सामन्याच्या दिवशी मी त्यांना मुद्दाम खुर्ची दिली. नात शेवटच्या मिनिटाला धावत होती आणि आजोबा खुर्चीवर उभे राहून छत्री फिरवत ओरडत होते, ‘अगं डावीकडे! डावीकडे वळ!’

पण मला सांगायचंय ते दुसरंच. ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी तेवीस वर्षांची. काळाचौकीच्या एका चाळीत आईबरोबर राहत होते, आणि दादरच्या एका शाळेत पी.टी.ची बाई म्हणून तात्पुरती नेमणूक झाली होती. कायम करायचं की नाही हे हेडसरांच्या हातात. हेडसर म्हणजे खादीचा कोट, जाड काचांचा चष्मा आणि खणखणीत आवाज. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले. शाळेची गाडी त्यांच्या एका नजरेवर चालायची. शाळेबाहेर मात्र ते चळवळीचे कार्यकर्ते. रविवारी सकाळी सहाला ते प्रभातफेरी काढायचे. शाळेच्या नावाने नव्हे, वस्तीच्या नावाने. पण फेरीत निम्मी पोरं आमच्याच शाळेची असायची, आणि रांगा लावायला मी.

त्या फेरीत घोषणा द्यायची विमल गायकवाड. अकरावीतली, नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहणारी. वडील तुकाराम गायकवाड गिरणीत साचेवाले होते. बौद्ध झाल्यापासून त्यांनी चाळीत मुलांसाठी वाचनालय चालवलं होतं. विमल अंगाने किरकोळ, पण तिने ‘मुंबईसह—’ अशी हाक दिली की तिसऱ्या मजल्यावरची माणसं दात घासता घासता गॅलरीत येऊन ‘झालाच पाहिजे!’ म्हणायची. हेडसर अभिमानाने माझ्याकडे बघायचे. ‘सामंतबाई, ही मुलगी म्हणजे आपली तोफ आहे!’

आणि ती धमाल! फेरीत मुलं-मुली एकाच रांगेत चालत, एकाच कागदावरून गाणी म्हणत, एकमेकांच्या हातातले झेंडे धरत. कुणाची आई काही बोलत नसे. फेरी संपली की तीच मुलं नाक्यावरच्या इराण्याकडे चहाला बसली तर मात्र सोमवारी हेडसरांकडे चिठ्ठी यायची. मोर्चात हात धरला तर राष्ट्रकार्य, इराण्याकडे बशी पुढे सरकवली तर बदनामी. मुलांना ही रेषा दिसत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

त्याच वर्गात मोहन होता. गिरगावातलं जुनं प्रभू घराणं. आजोबा बड्या साहेबाच्या कचेरीत होते. वडील आता दादरला राहायचे आणि शाळेच्या कार्यकारी मंडळावर होते. गुडघे वाकवून पाचव्या जागी उभा राहणारा मुलगा म्हणून ज्याचा उल्लेख केला, तो हाच. पाचवी मुलगी विमल.

गॅदरिंग आटोपलं. एस.एस.सी. तेव्हा अकरावीला असे, तिचे फॉर्म बोर्डाकडे जायचे होते. शनिवारी हेडसरांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात निनावी कार्ड होतं. उद्या चार वाजता गिरगावात मोहनच्या आत्याच्या घरी अकरावीची मुलं आणि मुली पार्टी करणार आहेत, नाच होणार आहे, असं त्यात लिहिलं होतं.

‘पार्टी!’ हेडसर असे म्हणाले की जणू शाळेला आग लागलीय. ‘तुम्ही जाऊन बघा. मी गेलो तर बोभाटा होईल. बाई माणूस गेलं तर बरं.’

आमच्या चाळीत बारसं व्हायचं, पूजा व्हायची, डोहाळजेवण व्हायचं. पार्टी मी कधी पाहिलेलीच नव्हती. मी रविवारी ट्राममध्ये बसले तेव्हा, मान्य करायला हवं, हेरगिरीपेक्षा मला उत्सुकताच जास्त होती.

आत्याबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. साठीच्या, पांढऱ्या पातळातल्या, कानात मोत्यांच्या कुड्या घातलेल्या ताराआत्या पुढे आल्या. त्या लवकर विधवा झाल्या होत्या आणि त्या मोठ्या घरात एकट्याच राहत होत्या.

‘तुम्ही शाळेतल्या ना?’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘पकडायला आलात की बसायला?’

मी उंबऱ्यावरच चपला काढल्या.

‘बसा आधी. पकडायचं नंतर पकडा. शिंगड्या गरम आहेत.’

शिंगड्या म्हणजे करंजीचीच बहीण. मी हातात बशी घेऊन बसले. दिवाणखान्यात सहा मुलगे एका भिंतीला, पाच मुली समोरच्या भिंतीला. मधे चावीचा फोनो आणि रासबेरीच्या बाटल्या. मी दिसताच अकराही जण सावधानमध्ये उभे राहिले!

‘विश्राम,’ मी म्हणाले. काय बोलणार दुसरं?

मोहन पुढे आला. कानापर्यंत लाल झाला होता. ‘बाई, मीच बोलावलं सगळ्यांना. परीक्षेआधी एकदा… एकदाच. आत्या इथेच आहे. दार उघडं आहे.’

‘मग नाचत का नाही?’ आत्याबाईंनीच विचारलं. ‘अर्धा तास झाला, फोनो एकटाच गातोय.’

‘येतच नाही ना कुणाला!’ विमल फटकन म्हणाली. ‘मोहन म्हणाला होता, मला येतं. त्याला पण येत नाही.’

सगळे हसले. मोहनने चावी दिली, इंग्रजी बँडची तबकडी लावली आणि धीर करून विमलपुढे हात केला. तिने तो धरला. पुढची दोन मिनिटं जे झालं त्याला नाच म्हणणं धाडसाचं होतं. तो तिच्या पायावर, ती त्याच्या पायावर. दुसरी जोडी फोनोवर आपटली. ठेका एकीकडे, पाय दुसरीकडे. पी.टी.च्या बाईला यासारखा छळ नाही. या मुलांना पाच वर्षं लेझीम शिकवणाऱ्या बाईंच्या जागी मी आले होते, आणि मुलांची पावलं अशी!

मला राहवेना. मी बशी खाली ठेवली. ‘थांबा! तबकडी पहिल्यापासून लाव. आधी ऐका. एक-दोन-तीन-चार. डावा पाय मागे. खांदे सैल. लेझमीचं तिसरं पाऊल आठवतंय? तेच, फक्त हळू.’

आणि जमलं की हो! आधी विमलला जमलं, मग एका मुलीला, मग मोहनला. दहा मिनिटांत अख्खी खोली एका ठेक्यात हलायला लागली. लाकडी जमीन थडथडत होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, मुलींच्या वेण्या उडत होत्या आणि आत्याबाई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या. अकराजणांत एक मुलगा उरत होता, तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ‘बाई, मला जोडी नाही.’ मी पदर खोचला आणि त्याच्याबरोबर नाचले.

तेवीस वर्षांत मी हजारो वेळा हात-पाय हलवले होते. शिट्टीवर, मोजणीवर, हुकमावर. उगाच, नुसतं बरं वाटतंय म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा हलले. ट्राममधून परत येताना हसू आवरत नव्हतं. समोरच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली.

सोमवारी हेडसरांनी विचारलं, ‘काय दिसलं?’

मी म्हणाले, ‘मुलं होती. आत्याबाई पूर्ण वेळ समोर होत्या. गैर काहीच नव्हतं.’

‘नाच झाला?’

‘…झाला.’

‘कोण कोण होतं, लिहून द्या.’

‘कशासाठी, सर?’

‘नोंद म्हणून. आणि सामंतबाई, तुमच्या कायम होण्याचा कागद याच महिन्यात मंडळापुढे जायचाय, लक्षात आहे ना?’

माझा हात लिहू लागला. अकरा नावं. मैदानावरची सवय अशी की ज्याचं पाऊल आधी बसलं त्याचं नाव आधी येतं. पहिलं नाव आलं विमल गायकवाड. बारावं नाव, माझं, मी लिहिलं नाही. कागद दिला आणि बाहेर येऊन मैदानावरच्या नळाखाली तोंड धुतलं. या एका गोष्टीची लाज मला आजही वाटते.

बुधवारी निकाल लागला. दहा जणांच्या पालकांना समज देणारं पत्र. विमलला दाखला. शाळा सोडल्याचा. ‘तिनेच पुढाकार घेतला, यादीत नावच पहिलं आहे,’ हेडसर म्हणाले. मोहनच्या वडिलांचं पत्रही येऊन पडलं होतं. आमच्या मुलाला नादी लावणाऱ्या मुलीबरोबर तो एका वर्गात बसणार नाही, असं. दाखला हातात पडला की एस.एस.सी.चा फॉर्म जाणार नाही. फॉर्म नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि त्या चाळीत मुलीचं वर्ष गेलं म्हणजे बहुधा शाळाच गेली.

मोहन हेडसरांच्या खोलीत शिरला. दाराबाहेर मला सगळं ऐकू येत होतं.

‘सर, घर माझ्या आत्याचं. बोलावलं मी. हात मी पुढे केला. दाखला मला द्या.’

‘तू वर्गात जाऊन बस. तुझ्या वडिलांशी माझं बोलणं झालंय.’

‘त्यांनी मला विचारलं पण नाही, सर!’

‘बस म्हटलं ना!’

दुपारी तुकाराम गायकवाड आले. दार उघडंच होतं, मी बाहेर जिन्याशी उभी होते. पहिली पाळी करून तसेच. केसांवर कापसाचं तूस. त्यांना बसायला सांगितलं गेलं नाही, आणि ते बसलेही नाहीत.

‘सर, नाच मलाही पटत नाही,’ ते शांतपणे म्हणाले. ‘घरी बोललो मी तिला. तिची आई तर दोन दिवस बोलत नाही तिच्याशी. पण ती झाली घरची गोष्ट. अकराजण नाचले. दाखला एकीलाच का?’

‘यादीत तिचं नाव—’ हेडसरांनी माझा कागद त्यांच्यापुढे धरला.

गायकवाडांनी तो नीट वाचला. ‘यात मोहनचं पण नाव आहे.’

हेडसरांनी कागद टेबलावर उलटा ठेवला.

‘मी तिला वाचायला घातलंय शाळेत. नाचली म्हणून तिचं वाचणं काढून घेणार तुम्ही?’ एवढं बोलून त्यांनी नमस्कार केला आणि निघाले. जिन्यात त्यांची माझी नजरानजर झाली. मी बाजूला झाले. तेवढंच केलं मी.

मग रविवार आला. प्रभातफेरीचा.

मला वाटलं होतं पोरं येणार नाहीत. साडेपाचला जाऊन बघते तर नेहमीपेक्षा जास्त! अकरावीचा सगळा वर्ग, दहावीचा निम्मा. सगळे धुतलेल्या कपड्यांत, हातात झेंडे, तोंड बंद. मी म्हटलं, थंडीमुळे असेल. हेडसर पुढे झाले, फेरी निघाली. विमल नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच हाक दिली.

‘मुंबईसह—’

मागे काही नाही. फक्त पावलं.

हेडसरांनी घसा साफ केला. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—’

शंभरेक पोरं. एक शब्द नाही. अहो, माझ्या अंगावर सरसरून काटा आला! रांगा इतक्या सरळ की मी आयुष्यात लावल्या नव्हत्या. मुलगा-मुलगी, मुलगा-मुलगी, पावलाला पाऊल, आणि चिडीचूप. मी कुणालाही काही शिकवलं नव्हतं. हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. मी मोहनकडे पाहिलं. तो समोर बघत चालत होता. गुडघे सरळ, पूर्ण उंचीने.

नायगावात शिरलो. गॅलऱ्या भरायला लागल्या. लोकांना सवय, ‘झालाच पाहिजे’ म्हणायला तयार होऊन उभे, पण म्हणणार कशाला? रात्रपाळी करून परतणाऱ्या एका कामगाराने सायकल थांबवून विचारलं, ‘काय मास्तर, मौन हाय काय? कोन गेलं?’

‘कुणी गेलं नाही,’ हेडसर पुटपुटले. त्यांचा चेहरा कपाळापासून मानेपर्यंत तापला होता. मग ते एकदम माझ्याकडे वळले. ‘सामंतबाई, हे काय चाललंय? तुम्ही सांगा यांना!’

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नव्हे.

‘सर, मी काय सांगू? मीपण नाचले.’

‘काय?’

‘पार्टीत. मी नाचले. त्यांना येत नव्हतं, मी पावलं शिकवली. यादीत बारावं नाव माझं आहे. दाखला द्यायचा तर मलाही द्या.’

मागून कुणीतरी ‘बाई!’ असं ओरडलं आणि लगेच तोंडावर हात दाबला. फेरी थांबली. मला वाटलं, गेली नोकरी. आणि खरं सांगते, भीती वाटायच्या ऐवजी इतकं हलकं वाटलं की तिथे पुन्हा नाचता आलं असतं.

आम्ही उभे होतो ते विमलच्याच चाळीसमोर. वर दुसऱ्या मजल्यावर गायकवाड कठड्याला हात टेकून उभे. त्यांच्या मागे दारात विमल. एक वेणी घातलेली, एक सुटी.

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. झेंडा माझ्या हातात दिला. आणि जिना चढू लागले. मी मागोमाग गेले. चढताना ते थांबून धापा टाकत म्हणाले, ‘बेचाळीसला आम्ही पण वर्गाबाहेर असेच उभे राहिलो होतो. गप्प.’

वर गॅलरीत माणसांनी वाट करून दिली.

‘विमल,’ हेडसर म्हणाले, ‘खाली ये. फेरी खोळंबलीय.’

विमल जागची हलली नाही. सतरा वर्षांची पोर, पण नजर खाली नाही.

‘फॉर्म जाणार का, सर?’

‘जाईल. उद्या सकाळी मी स्वतः नेऊन देतो.’

‘अकरा नावं होती. माझंच का?’

सगळी चाळ ऐकत होती. हेडसर तिच्याकडे न बघता तिच्या वडिलांकडे बघून म्हणाले, ‘चूक झाली माझी.’

गायकवाडांनी मान डोलावली. आत वळून म्हणाले, ‘चहा टाक गं सरांना.’

चहा आला. हेडसरांनी कप हातात घेतला, बशीत ओतला आणि उभ्या उभ्या प्याले. आमचे हेडसर बाहेर कुणाकडे पाणीही घेत नसत हे वस्तीला माहीत होतं. रिकामा कप त्यांनी परत दिला. गायकवाडांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

विमल तशीच, अर्ध्या वेणीनिशी, अनवाणी, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेली. मी कठड्यावरून वाकून बघत होते. ती फेरीच्या पुढे जाऊन उभी राहिली, मान मागे टाकली आणि अशी हाक दिली की कौलावरची कबुतरं उडाली.

‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—’

काय सांगू! खालून शंभर पोरं, वरून चार मजले, समोरच्या चाळीचे चार मजले, सायकलवाला कामगारसुद्धा, सगळे एका दमात गरजले. माझ्या हाताखालचा कठडा हादरला. त्यानंतर मी पुष्कळ सभा पाहिल्या, मोठमोठ्या. तो आवाज पुन्हा ऐकला नाही.

आता, या प्रसंगानंतर हेडसर बदलले असं लिहिता आलं असतं तर लेख छान झाला असता. ते बदलले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी मुलींसाठी वेगळा जिना ठरवून दिला. माझी कायम नेमणूक वर्षभर पुढे ढकलली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘उत्साहाला आवर हवा.’ तो शेरा मी जपून ठेवलाय. पण फॉर्म त्यांनी सोमवारी स्वतः नेऊन दिला, आणि मोहनच्या वडिलांनी मंडळाच्या बैठकीत आवाज चढवला तेव्हा हेडसर म्हणाले, ‘मुलगी राहील. तुम्हाला मुलगा काढून न्यायचा असेल तर दाखला तयार आहे.’ मोहनला कुणी काढून नेलं नाही.

मोहन आणि विमलचं पुढे काय झालं, हे लोक पहिलं विचारतात. मोहनने तिला एक चिठ्ठी लिहिली होती. विमलने त्याला उत्तर दिलं की तू चांगला आहेस, पण मला त्या दिवशी नाचायचं होतं, लग्न नव्हतं करायचं. मोहन आठवडाभर कवायतीत चुकत होता. मग सावरला. दोघं अजून एकमेकांकडे दिवाळीला जातात, आपापली नातवंडं घेऊन. विमल पुढे वकील झाली, कामगारांचे खटले चालवले. बोलायला उभी राहिली की न्यायाधीश कागद खाली ठेवायचे, असं तिची माणसं सांगतात.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात रुतून बसली होती. मी नाचले हे मी शंभर जणांसमोर सांगितलं. यादी माझ्या हातची होती, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. फेरीनंतर पोरं मला डोक्यावर घेत होती, आणि मी आतल्या आत बारीक होत होते.

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी विमल आमच्या चाळीत आली. बोटांना शाई, डोळे लकाकत होते. आईने तिला लाडू दिला. मी म्हटलं, ‘विमल, तुला एक सांगायचंय. ती नावांची यादी…’

‘तुम्ही लिहिली होती,’ ती लाडू खात म्हणाली.

मी खाली बसले.

‘बाबांनी पाहिली होती ना. आणि बाबा वाचनालयात बसतात, अक्षर ओळखतात. माझ्या खेळाच्या प्रमाणपत्रावर तुमचंच अक्षर आहे. घरी येऊन त्यांनी ते काढून पाहिलं आणि म्हणाले, अक्षर तेच.’

‘मग तू… इतके महिने काही बोलली नाहीस?’

‘तुम्ही सांगाल का, ते बघत होते.’ तिने हात झटकले. ‘उशीर लावलात, बाई.’

मी मान खाली घातली. पहिलं नाव आपलंच का, असं तिने विचारलं. मी खरं कारण सांगितलं: नाचताना तिचं पाऊल सगळ्यात आधी बसलं म्हणून. ती इतकी हसली की लाडू घशात अडकला आणि आईला पाणी घेऊन धावावं लागलं.

‘चला आता,’ ती डोळे पुसत उठली. ‘आत्याबाईंनी बोलावलंय. चार वाजता. अख्खा वर्ग येणार आहे. बाबांना सांगून आलेय मी. ते म्हणाले, मला पटत नाही, पण जा.’

मी चपला शोधायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. आयुष्यभर मालवणीत बोलली, आणि लेकीच्या लग्नाच्या काळजीने अर्धी झालेली.

‘खंय चललंस गो?’

खोटं बोलायचा माझा कोटा संपला होता. ‘नाचूक.’

आईने माझ्याकडे पाहिलं, विमलकडे पाहिलं. चुलीवरचं भांडं उतरवलं आणि पेटीचं झाकण उघडलं.

‘मगे ह्यां कित्याक नेसलंस?’ ती म्हणाली. ‘बरां पातळ नेस.’